बरणीवरचा हात

“पस्तीस,” बाबा म्हणाले आणि त्यांनी पातेल्यातून बोट बाहेर काढलं. “घाल आता यीस्ट.”

मी वाटी ओतली. पेरूच्या रसाची वाफ त्यांच्या चष्म्यावर धरली होती. ती मला दिसली होती. पण बाबांनी पस्तीस अंश म्हटलं की पस्तीसच असणार, याबद्दल आमच्या लखनौच्या मानक नगर कॉलनीत कुणालाही शंका नव्हती.

बाबा इथल्या रेल्वेच्या संशोधन संस्थेत टेक्निशियन आहेत. नव्या डब्यांची चाचणी असली की गाडीबरोबर जातात. गाडी थांबली की खाली उतरायचं आणि चाकाजवळच्या ॲक्सलबॉक्सला हात लावायचा. तो फार तापलेला असेल तर गाडी पुढे न्यायची नाही, नाहीतर ॲक्सल, म्हणजे चाकांचा आस, मोडतो. बाबा आकडा बोलतात, मागे वही घेऊन उभे असलेले गोपीनाथकाका श्रीवास्तव तो लिहितात. मोजायचं यंत्र नंतर येतं आणि दिनकरबाबूंचाच आकडा दाखवतं, असं काका बाबांबद्दल प्रत्येक लग्नात सांगतात.

डिसेंबरात अमरूद, म्हणजे इथले पेरू, स्वस्त झाले की बाबा त्यांची वाइन घालतात. ऑफिसच्या पिकनिकला सगळे छोट्या स्टीलच्या ग्लासांतून ती पितात. बाबांना शुगर आहे, म्हणून ते नुसता वास घेतात आणि “जमलीय” म्हणतात.

भांडं ठरायलाच तीन वर्षं गेली होती. दुधाचा स्टीलचा कॅन पहिल्याच हिवाळ्यात नापास झाला, कारण लखनौची थंडी पत्र्यातून सरळ आत शिरते. प्लॅस्टिकच्या ड्रमचा लोणच्याचा वास काही जाईना. माठ पाझरायचा आणि आतला रस आंबून सिरका व्हायचा. काचेच्या बाटलीत सगळं दिसतं म्हणून मला तीच हवी होती, पण काच लवकर निवते. शेवटी खुर्जाची चिनी मातीची बरणी आली. चीर नाही ना हे बघायला बाबांनी दुकानात चौदा बरण्या बोटाने वाजवल्या होत्या. जाड भिंत तापायला वेळ घेते आणि निवायलाही, म्हणून.

तिला लाकडी स्टुलावर बसवायचं, जुनी गोधडी गुंडाळायची, संध्याकाळी गोधडीत गरम पाण्याची पिशवी सरकवायची. झाकण कणकेने बंद, त्यातून सलाईनची नळी पाण्याच्या ग्लासात. दुसऱ्या दिवसापासून ग्लासात बुडबुडे. आई म्हणायची, मला दोन लेकरं, एक बोलतं आणि एक बुडबुडतं, गप्प कुणीच बसत नाही.

या वेळी बरणी गप्प बसली. एक दिवस, दोन दिवस, तीन. आईच्या मते चारबागच्या दुकानदाराने जुनं यीस्ट दिलं होतं. बाबा म्हणाले, कोहरा फार पडलाय, धुक्याने बरणी गारठलीय. त्यांनी दुसरी पिशवी लावली आणि दर तासाला बरणीवर तळहात टेकून आकडा सांगत राहिले.

आणि मला तर या वर्षी सगळंच येतं. ऑक्टोबरात वादविवादात पहिली आले तेव्हापासून मॅडमचा प्रश्न संपायच्या आत माझा हात वर असतो. तिसऱ्या दिवशी जेवताना मी सुरू झाले. यीस्ट जिवंत असतं, थंडीत ते झोपतं, मरत नाही. मरतं ते उष्णतेने, पन्नासच्या आसपास गेलं की संपलंच, आणि आपल्या रसाला तर वाफ येत होती.

वाक्य संपलं तेव्हा ते मला ऐकू आलं.

आईचा डाव वरणात तसाच राहिला. बाबा पोळीचा तुकडा मोडत होते. त्यांच्या तर्जनीवर टपोरा फोड होता आणि ते त्याच बोटाने मोडत होते. मला रडू आलं नाही, भीतीही वाटली नाही. मी भात कालवला आणि खाल्ला. चव कळली नाही.

सकाळी बाबा मोरीत बरणी ओतत होते. अंगणभर पेरूचा वास.

“कधीपासून?” मी विचारलं.

“पावसाळ्यापासून बोटांना गरम-गार कळत नाही. शुगरमुळे होतं, डॉक्टर म्हणाले.”

“गोपीनाथकाकांना माहीत आहे?”

“मागच्या दोन चाचण्यांना अंदाजाने बोललो. यंत्रात तेच आलं.” त्यांनी बरणीत पाणी घातलं, हलवलं, ओतलं. “एकदा नाही आलं.”

सोमवारी पुन्हा गाडी होती, हे मला माहीत होतं. एरवी मी भाषण दिलं असतं.

“सोमवारी काय सांगाल, बाबा?”

त्यांनी बरणी आतून तीनदा घासली.

सोमवारी ते बॅग घेऊन गेले. गुरुवारी यायचे होते, त्याच दिवशी अकरा वाजता परत आले. बॅगेतले कपडे घडीसकट कपाटात ठेवले. आईने चहा ठेवला.

संध्याकाळी गोपीनाथकाका दोन किलो अमरूद घेऊन आले. बाबांनी स्वतःच सांगून टाकलं होतं; गाडी त्यांच्याशिवाय गेली होती, काकाही गेले नव्हते. बराच वेळ ते आईशी मटारच्या भावाबद्दल बोलत बसले. उठताना म्हणाले, “चलिए दिनकरबाबू, अब कुर्सी गरम कीजिए। बीस साल हमने आपका बोला लिखा है, अब आप बैठकर लिखिए।” बाबा हसले. काका दारात चपला घालायला खूप वेळ वाकून राहिले.

मंगळवारी बाबांनी बाजारातून थर्मामीटर आणलं. रस उकळला, पातेलं खाली उतरवलं, आम्ही दोघं वाट बघत बसलो. पन्नास, चव्वेचाळीस, एकोणचाळीस. आकडे मी वाचले, बाबांनी जुन्या डायरीत लिहिले. पस्तीसला मी यीस्ट घातलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तेव्हा ग्लासात बुडबुडा फुटला. मग आणखी एक. बाबा स्टुलाशेजारी बसले होते, डायरी मांडीवर.

“किती?” त्यांनी विचारलं.

मी दोरीला अडकवलेलं थर्मामीटर गोधडीतून ओढून वाचलं. “चोवीस.”

त्यांनी चोवीस लिहिलं, पेन खिशाला लावलं. डावा हात मात्र मघापासून बरणीच्या पोटावर होता, तो तिथेच राहिला.