खारीचं मशीन

त्या दिवशी छाटलेल्या फांद्या वाहून नेणारा टेम्पोवाला दुकानाच्या दारात आला तेव्हा त्याच्या हातात माझ्या बायकोचा झाडं कापायचा चेनसॉ होता. मी एका पंपाचा कार्बोरेटर उघडून बसलो होतो. मान वर न करताच विचारलं, "काय झालं?"

"सुरू होत नाहीये, दादा."

"ठेव तिथे. वहिनीला सांग, संध्याकाळपर्यंत बघतो."

त्याने मशीन ठेवलं नाही. तान्हं मूल धरावं तसं पोटाशी धरून उभाच राहिला. मग मी वर पाहिलं. त्याचे तळहात सोलवटून लाल झाले होते आणि तो रडत होता.

मला बातमी कळली ती अशी. ती झाडाखाली बसल्या जागीच गेली होती. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. पडली नाही, कुठे कापलं नाही, अंगावर साधा ओरखडा नव्हता.

आमचं काम वाटून घेतलेलं होतं. लोकांची झाडं छाटायला ती जायची, मशीन दुरुस्त मी करायचो. दोराला धरून सरसर वर चढायची म्हणून सगळे तिला खार म्हणायचे. मला शिडीवर दोन पायऱ्या चढलो तरी गरगरतं. "दोघांनी वर चढून कसं चालेल? खाली घाबरायला कोणीतरी नको का?" असं ती लोकांसमोर म्हणायची, आणि मीही हसायचो.

सगळे भेटून गेले, घर रिकामं झालं, तेव्हा माझ्या डोक्यात टेम्पोवाल्याचं तेवढं एकच वाक्य उरलं. सुरू होत नाहीये. ते मशीन आदल्या दिवशी मी साफ करून दिलं होतं. मला दिसायचं, ती झाडाखाली उभी आहे, पाय मशीनवर रोवून ते सुरू करायची दोरी ओढते आहे, पुन्हा ओढते आहे, दम लागतोय, तरी ओढते आहे. हट्टी होतीच. माझ्या हातून काहीतरी राहिलं आणि ती दोरी ओढता ओढता गेली, असं असेल तर मला ते कळायला हवं होतं. टेम्पोवाल्याला विचारायचा धीर होत नव्हता. मशीनला विचारणं सोपं होतं.

म्हणून ते टेबलावर घेतलं. जुनं पेट्रोल काढून नवीन भरलं, ऑइल मोजून मिसळलं. एअर फिल्टर झटकला. सायलेन्सरच्या जाळीत काजळी नव्हती. दोरी हळू ओढली की इंजिन हाताला उलटा जोर देत होतं, म्हणजे कॉम्प्रेशन चांगलं होतं. मग प्लग काढला, स्विचची वायर सोडवली, प्लग सिलिंडरला टेकवून दोरी ओढली. निळी, जाड ठिणगी पडली. वायर सोडवून ठिणगी बघायची ही माझी पहिल्यापासूनची सवय. वायर सोडवली की स्विच ठिणगी अडवू शकत नाही. मध्ये दुसरं काही नको, ठिणगी देणारी कॉइल आणि प्लग दोघंच समोरासमोर.

सगळं परत जोडलं. स्विच खाली आहे ना ते पाहिलं. आमच्याकडच्या सगळ्या मशीनचा स्विच खाली म्हणजे चालू. चोक ओढला, दोरी ओढली. काही नाही. खांदा दुखेपर्यंत ओढली. एकदा खोकलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर मशीनचा स्विच वर होता.

माझ्याच हाताने झाला असेल असं वाटलं. खाली केला, पुन्हा सगळं तपासलं. ठिणगी होती. जोडलं की काही नाही. संध्याकाळी स्विच खाली ठेवून, नीट बघून कुलूप लावलं. सकाळी स्विच वर.

माझी मुलगी तेव्हा माझ्याजवळ राहायला आली होती. तिला म्हणालो, "तू दुकानात जातेस का गं?"

"कशाला जाऊ? तेलाचा वास घ्यायला?"

"मशीनला कोणीतरी हात लावतंय."

ती भाजी चिरत होती. सुरी थांबली. "बाबा, तुम्ही झोपेत उठता का? आई सांगायची, तुम्ही झोपेत नट आवळता म्हणून."

"ती काहीही सांगायची."

"चावी माझ्याकडे द्या. मी उशीखाली ठेवते. मग कळेल कोण जातं ते."

चावी तिला दिली. शिवाय स्विच खाली करून त्यावर काळी चिकटपट्टी आडवी लावली. मशीनचं तोंड भिंतीकडे केलं. का केलं ते सांगता येणार नाही. ते माझ्याकडे बघतंय असं वाटत होतं एवढंच.

सकाळी मुलीनेच कुलूप उघडलं. मशीनचं तोंड दाराकडे होतं. मागची मूठ डावीकडे वळवलेली, डावखुऱ्या माणसाला पटकन धरता यावी तशी. बायको डावखुरी होती. स्विच वर होता. चिकटपट्टी टेबलाच्या कडेखाली लावलेली सापडली, बोटांत मळून तिची छोटी गोळी केलेली. त्या कडेखाली तशा गोळ्यांची रांगच आहे. मी ओरडायचो बायकोवर, कचरा टाकायला डबा आहे म्हणून.

मुलीने त्या शेवटच्या गोळीला बोट लावलं. "मऊ आहे," ती हळूच म्हणाली. बाकीच्या गोळ्या दगडासारख्या झाल्या होत्या.

चहा तसाच गार झाला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आईला काहीतरी सांगायचंय."

"मशीनमध्ये काय सांगणार?"

"तुमच्याशी ती दुसरं बोलायची तरी काय? मशीनचंच ना?"

हे खरं होतं. मी चप्पल घातली आणि टेम्पोवाल्याकडे गेलो.

तो टेम्पो धूत होता. मला बघून पाण्याचा नळ बंद केला. मी म्हणालो, "एकच विचारतो, खरं सांग. तिने किती वेळ दोरी ओढली?"

"कोणी, वहिनींनी?"

"मशीन सुरू होत नव्हतं तेव्हा."

तो माझ्याकडे बघत राहिला. "दादा, वहिनींच्या हातात मशीन एकदम झकास चालत होतं. सकाळपासून कापत होत्या. खालच्या सगळ्या फांद्या उतरवल्या. मग खाली आल्या, मशीन बंद केलं, पाणी मागितलं, बुंध्याला टेकून बसल्या. मी बाटली घेऊन येईपर्यंत... नंतर आम्ही ओढली दोरी. एक फांदी अर्धवट कापलेली रस्त्यावर लोंबत होती, कोणाच्या तरी डोक्यात पडली असती. मी ओढली, वहिनींच्या हाताखालच्या पोरांनी ओढली. हात सोलले, पण सुरू होईना. म्हणून तुमच्याकडे घेऊन आलो. मला दुसरं काय सांगावं सुचलंच नाही."

मी टेम्पोच्या फळीवर बसलो. त्याने न विचारता बाटली पुढे केली. मी प्यालो.

"स्विच खाली करून ओढली ना?" मी विचारलं.

"हो, खालीच. सगळ्यांचा तसाच असतो." मग तो ओला हात पँटला पुसत म्हणाला, "वहिनींची गंमत असायची रोज. मशीन हातात घेतलं की म्हणायच्या, वर गेले की चालू, खाली आले की बंद. पोरं हसायची. आम्हाला वाटायचं, स्वतःबद्दल बोलतात. झाडावर असल्या की खूश, खाली आल्या की गप्प."

मी उठलो. जुना स्विच मध्यंतरी तुटला होता. मी सामान आणायला गेलो होतो तेव्हा तिने भंगारच्या डब्यातून एक घेऊन स्वतःच बसवला होता. "बसवला बरं का, तुझ्यावाचून अडलं नाही," असं म्हणाली होती. तो तिने उलटा बसवला होता. चुकून की मुद्दाम, आता कोण सांगणार. सुरू तीच करायची, बंद तीच करायची, मला त्या स्विचला हात लावायची वेळच आली नव्हती. आणि तपासताना मी दर वेळी त्याची वायर सोडवून ठेवत होतो, म्हणून ठिणगी पडत होती. दुसऱ्या कोणाचं मशीन असतं तर आधी तिथेच बघितलं असतं.

रोज सकाळी मशीन चालू करून ठेवलेलं होतं. रोज मीच बंद करून दोरी ओढत होतो.

दुकानात आलो. मुलगी दारात उभी राहिली, आत आली नाही. स्विच वर होता, तसाच राहू दिला. चोक ओढला, पाय रोवला. पहिल्या ओढीला ते खोकलं. चोक आत ढकलून पुन्हा ओढली आणि ते सुरू झालं. कपाटाच्या काचा थरथरल्या. मुलीने तोंडावर ओढणी धरली, धुरामुळे असेल.

बंद करायचं तर स्विच खाली करावा लागणार होता. माझा अंगठा त्यावर होता. मी तो काढून घेतला आणि टाकीतलं पेट्रोल संपून ते आपोआप थांबेपर्यंत तसाच धरून उभा राहिलो. स्विच वरच ठेवून आम्ही कुलूप लावलं. चावी मुलीनेच घेतली.

सकाळी स्विच खाली होता.

त्यानंतर तो हललेला नाही. मशीन जिथे ठेवावं तिथेच असतं, ज्या तोंडाने ठेवावं त्याच तोंडाने. मी रोज बघतो. मुलगी तिच्या घरी गेली. झाडाच्या मालकाचे निरोप येतात. लोंबणारी फांदी लोकांनी कुऱ्हाडीने तोडली, पण वरचं अर्धं झाड कापायचं राहिलंय.