गाठ कुणाची

अच्युतराव ओगल्यांनी सांगलीच्या एका कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शोकांतिका शिकवल्या. जुन्या नाटकांतले ते राजे नि सेनापती कशापायी धुळीला मिळाले, हे ते वर्गात खाली मान घालून सांगत. निवृत्तीनंतर अकरा वर्षं खपून त्यांनी त्यावर एक पुस्तक लिहिलं. नायकाच्या स्वभावातल्या दोषाला त्यात त्यांनी साधा शब्द वापरला होता, गाठ. फळी दणकट असते, पण ओझं पडलं की गाठीपाशीच तडकते, माणसाचंही तसंच. बाकी पुस्तकाची त्यांना खात्री नव्हती, शब्दाची होती. ‘हा शब्द मला सुचला,’ असं त्यांनी प्रस्तावनेत लिहिलं होतं.

हस्तलिखित वाचायला त्यांनी साताऱ्याला हुसेनकडे पाठवलं. हुसेन त्यांचा कॉलेजातला सोबती, चाळीस वर्षांचा दोस्त. तीन आठवडे त्याचा फोन नाही. आणि मग मोबाईलवर कुणीतरी पत्रिका पाठवली : रविवारी संध्याकाळी साडेपाचला साताऱ्याच्या ग्रंथालयात हुसेनचं व्याख्यान, विषय ‘नायकाची गाठ’.

“अहो, गाठ म्हणजे भेटसुद्धा असेल,” त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

“भेट कसली? दरोडा आहे!”

“मग फोन करून विचारा.”

“विचारलं तर सावध होईल.”

“तुमच्या नाटकातले संशयी नवरे तरी कुठं कुणाला विचारायचे!”

अच्युतराव रविवारी सकाळच्या एसटीत बसले. कराड येईपर्यंत पुरावे गोळा झाले. पुस्तक कुठवर आलं, असं हुसेन दर दिवाळीला विचारायचा. कशासाठी? मागे एकदा त्यानं वर्गातली टिपणंही मागून नेली होती. परत दिली होती खरी, पण उतरवून घ्यायला किती वेळ लागतो?

दार हुसेनच्या बायकोनं, आबेदानं उघडलं. “आवं भावजी, तुमी? न्हाई सांगितलं, न्हाई सवरलं!”

हुसेन टेबलाशी बसला होता. अच्युतरावांना पाहताच त्यानं समोरचे कागद पालथे घातले. एवढं पुरेसं होतं.

“लपवतोस काय?”

“काही नाही. संध्याकाळची टिपणं.”

“तुझी की माझी?” अच्युतरावांचा आवाज त्यांनाच परका वाटला. “गाठ हा शब्द कुणाचा, हुसेन?”

हुसेन खुर्चीतून उठला. “हेच तुला विचारावं का नको, या घोळात मी तीन आठवडे फोन केला नाही.”

“कुठला शब्द?” पाण्याचा तांब्या घेऊन आलेली आबेदा मध्येच म्हणाली. “आमचे सासरे रंधा मारताना म्हणायचे, त्यो? ‘फळी गाठीपाशीच तडकती, पोरा.’ भावजी, तुमीबी होता की ओट्यावर. वहीत लिवून घेतलंत. आपलं बोलणं प्राध्यापकानं लिवून घेतलं म्हणून अब्बा लय हसले व्हते.”

अच्युतरावांना ओटा आठवला, पायाखालचा भुसा आठवला. वही? ती आधीपासून आठवत होती, की आबेदानं सांगितल्यावर आठवायला लागली?

“विसरलास की लपवलंस, एवढंच सांग गड्या,” हुसेन म्हणाला. “विसरला असशील तर विषय मिटला.”

‘विसरलो’ अगदी ओठांवर आलं होतं.

“नक्की सांगता येत नाही,” अच्युतराव म्हणाले. “पण प्रस्तावनेतलं ते वाक्य मी चारदा खोडून परत लिहिलंय. मनात काहीच नसतं तर खोडलं कशाला असतं?”

हुसेननं कागद उचलून पिशवीत टाकले. आबेदानं चहा आणला. पाच वाजता दोघं ग्रंथालयाकडे निघाले. हुसेनच्या कागदांत आपलं नाव असेल का, असेल तर कशा शब्दांत, हे अच्युतरावांच्या मनातून जाता जात नव्हतं. विचारायचं तोंड मात्र राहिलं नव्हतं.

सभागृहात तीसेक माणसं होती. व्यासपीठाच्या पायरीशी अच्युतराव थांबले.

“सुरुवातीची दोन मिनिटं मला दे.”

हातात कागद असल्याशिवाय हा माणूस चारचौघांत कधी बोलला नव्हता, हे हुसेनला ठाऊक होतं. त्यानं डोळे बारीक केले. “काय बोलणार आहेस?”

आता संशयाची पाळी त्याची होती. कठड्याला धरून अच्युतराव वर चढले आणि म्हणाले, “यांच्या वडिलांचं एक वाक्य मी चोरलंय.”