बिनतणाचं वावर

गेल्या वर्षी उसाच्या फडात हेमलताचं मूल सातव्या महिन्यातच जन्मलं आणि संध्याकाळपर्यंतही जगलं नाही. लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून ते बांधाशी पुरलं आणि दुसऱ्या दिवशी मुकादमाने तिला मोळ्या बांधायला उभं केलं. माणूस कसला, धोंडा मेला! आता तिला पुन्हा दिवस गेले होते. नवरा पिंटू म्हणाला होता, "तीळ पिकना तं यंदा तोडीवर जावानं नही."

साक्रीच्या डोंगराकडचं त्यांचं वावर कोरडवाहू. तण असं माजायचं, की तीळ त्यात गुदमरून जाई. तालुक्याच्या शिबिरात हेमलताने ऐकलं, ज्वारीच्या मुळांतून एक रस पाझरतो, तो तणाला डोकं वर काढू देत नाही. ज्वारी दाट पेरायची, गुडघ्याएवढी झाली की मुळांसकट मातीत गाडायची. मग तीन आठवडे थांबायचं, नाहीतर तो रस आपलंच बी खातो, बारीक बी आधी. घरी येऊन तिने हे सासूला, चमेलीबाईला, नीट समजावलं.

ज्वारी गाडून झाली. पुढे हेमलता तपासणीला पिंटूबरोबर साक्रीला गेली आणि पावसामुळे दोघं तिथेच अडकली. इकडे पाऊस उघडला, पेरणीजोगा वाफसा आला, गावभर उशिराच्या तिळाची पेरणी सुरू झाली. वाफशात वावर रिकामं ठेवणं म्हणजे या डोंगरात घरात कुणी मेल्याची खूण. येणाऱ्या नातवाच्या काळजीने म्हातारीला तो अपशकुन सोसवेना. तीन आठवडे भरायच्या आतच तिने शेजाऱ्याची पाभर आणली आणि घरातला होता नव्हता तो तीळ पेरून टाकला.

तण उगवलं नाही. लोक बांधावर येऊन म्हणू लागले, "वावर बठ्ठं साफ शे!" तीळही उगवला नाही. चमेलीबाई नखांनी माती उकरून काळं पडलेलं बी तळहातावर घेत बसायची.

"आत्या, थांबानं व्हतं," हेमलता सासूला म्हणाली.

दिवाळीनंतर मुकादमाचा ट्रक आला. त्याला कोयत्यामागे जोडपं लागतं. हेमलता गाठोडं उचलणार, तोच चमेलीबाई पिंटूमागून वर चढून बसली.

"तू घर ऱ्हाय. जोडीले मी शे."

मुकादम हसला, पण नाही म्हणाला नाही.

हेमलताने तिला खाली उतरवायला हवं होतं. कमरेत वाकलेली ही बाई फडातून परत येणार नाही, हे तिला कळत होतं. तिने पोटावर हात ठेवला आणि ट्रक दिसेनासा होईपर्यंत तोंड उघडलं नाही.