दीड हाताची पेटी

भावकूनं स्पीकरची लहान पेटी उचलून स्टुलावर ठेवली, गिटारची वायर तिच्यात खोचली आणि सगळ्यात जाड तारेवर बोट ओढलं.

वखारीच्या पार दुसऱ्या टोकाला, तंबाखूची पोती तोलायच्या काट्याजवळ, ऑर्केस्ट्राचे मालक मारुतीराव कानामागं हात धरून उभे होते.

"वाजीव की रं!" ते तिथनं ओरडले.

"वाजीवलं की!"

"वाजीवलास? मला वाटलं डास गेला कानाजवळनं."

ऑर्गनमागं बसलेला भरमू फिदीफिदी हसला. स्टेजपुढं सतरंजीवर वखारीतल्या बायका चहा पीत बसल्या होत्या, त्याही हसल्या. भावकूच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आठवीत असाच सगळा वर्ग हसला तेव्हा तो दप्तर तिथंच टाकून जो उठला, तो परत शाळेच्या दारात गेला नव्हता. आत्ताही उठला असता. पण हे निपाणी होतं आणि घर वडगावला. पंचेचाळीस मैल चालत जायचं म्हणजे राग तेवढा वेळ टिकायला पाहिजे.

शिवाय आज उठून जाण्यासारखा दिवस नव्हता.

दोन वर्षं त्याची बेस गिटार गाणाऱ्यांचे माईक असलेल्या ॲम्प्लिफायरच्या मशीनवरच जोडलेली असायची. त्यानं खालचा सूर जरा जोरात मारला की वर गाणाऱ्या बाईचा आवाज बैलगाडीत बसल्यासारखा हादरायचा. मग मारुतीराव डोळे वटारायचे आणि भावकू बोटं आवरायचा. ऐकू कुणालाच जायचं नाही. शेवटी गेल्या आठवड्यात मारुतीरावांनी निकाल दिला होता. बेसला वेगळी पेटी बघू. ती करूनही ऐकू आलं नाही तर बेस बंद, खालचे सूर भरमूच्या डाव्या हातानं ऑर्गनवर वाजवायचे. भरमू तेव्हापासून डावा हात येता-जाता चोळत होता.

खासबागेतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्या आण्णाप्पानं दोन पेट्या करून आणल्या होत्या. दोन्हींत मशीन आणि स्पीकर एकातच. मोठी छातीएवढी उंच, आत दोन स्पीकर, कोपऱ्यांना पितळी पत्रा. लहान जेमतेम दीड हाताची, एकच स्पीकर, एका हातानं उचलावी अशी. आज दोन्ही वाजवून बघायच्या, एक ठेवायची, एक परत.

खरी अडचण स्टेजची होती. वखारमालकाच्या घरच्या पूजेचा कार्यक्रम; आठ रिकाम्या पिंपांवर फळ्या टाकून मागच्या दगडी भिंतीला लावलेलं स्टेज. लांबी दहा फूट, रुंदी आठ. त्यावर ऑर्गन, ढोलकी, ड्रम, दोन गाणारे आणि ॲकॉर्डियन घेऊन खुर्चीवर मारुतीराव. आणि त्यांचे कार्यक्रम सगळे असल्याच स्टेजवर असायचे. मोठी पेटी वर चढली की एका माणसाची जागा जायची.

कुणाची, ते मारुतीरावांनी टेम्पोतच सांगितलं होतं. "मोठी घेतली तर तू खाली. पडद्यामागं हुबा ऱ्हा. बेसवाल्याचं तोंड कोन बगतंय?"

आता त्यांनी काट्याजवळनंच हात हलवला. "मोठी लाव बगू."

आण्णाप्पानं लगबगीनं वायर काढून मोठीत घातली. भावकूनं तोच सूर मारला. पितळी पत्रा थरथरला आणि आवाज वखारभर पसरला.

"हां! ह्याला म्हनत्यात पेटी!"

"हौदरी, व्हय जी," आण्णाप्पा खूश होऊन म्हणाला. "दोन स्पीकर हाईत, मालक."

"आवाज मोठा हाय, पन सूर फाटतोय," भावकू म्हणाला.

"तू वाजवायचं बग. कान माझं हाईत."

"मग लावा की कान नीट!"

भरमूचं हसू थांबलं. मारुतीरावांना असं कुणी बोलत नसे. भावकूनं गिटार गळ्यातनं काढली. आता तो ती फळीवर आदळतो की काय, असं आण्णाप्पाला वाटलं आणि त्यानं पुढं होऊन दोन्ही हात पसरले.

तेवढ्यात बायकांतनं रुक्माबाई उठली.

रुक्माबाई भावकूची आई. बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, वडगावात लाईट बंद, की माग बंद. त्या दिवशी कार्यक्रम असला की ती न विचारता टेम्पोत चढायची. बावीस वर्षं पॉवरलूमवर काढून तिचे कान गेले होते. पुढं बसायची, लोकांनी टाळ्या वाजवल्या की वाजवायची. भावकूला ती आलेली आवडायची नाही. घरी तिच्याशी बोलायचं म्हणजे मागाच्या शेडमधल्यासारखं ओठ हलवून आणि हातवारे करून. चारचौघांत ते करायची त्याला लाज वाटायची.

ती स्टेजच्या कडेला आली. चप्पल काढली, पिंपाला धरून वर चढली आणि फळीवर अनवाणी उभी राहिली. भावकूकडं बघून तिनं बोटानं खूण केली. वाजव.

"आव्वा, खाली जा," भावकू दात खाऊन म्हणाला.

तिनं परत तीच खूण केली. त्यानं चिडून गिटार गळ्यात अडकवली आणि मोठ्या पेटीवर सूर मारला. तिनं तोंड वाकडं केलं.

"ह्याचं काय तरी ढिलं हाय," ती म्हणाली. ऐकू न येणाऱ्या माणसाचा आवाज, गरजेपेक्षा मोठा. वखारभर गेला.

"ढिलं?" आण्णाप्पा फणकारला. "परवा रात्री फिट केलंय, आक्का!"

तिला ते ऐकू गेलं नाहीच. ती पेटीमागं गेली, फळीवर हात फिरवत खाली बसली आणि पाठीमागच्या बाजूचा एक स्क्रू चिमटीनं फिरवून दाखवला. तो दोन बोटांत गरगर फिरत होता.

शेडमध्ये सहा माग एकदम धडधडत असताना बाजूच्या माणसाचं बोलणंसुद्धा कळत नाही. तिथं मागाचा बिघाड कानानं सापडत नाही. रुक्माबाई तो तळपायानं शोधायची. कुठल्या मागाचा धोटा चुकून आपटतोय, कुठला नट सैल झालाय, हे तिला फरशीतनं कळायचं. शेडचा मालक मेकॅनिकला बोलवायच्या आधी तिला बोलवायचा.

मग ती लहान पेटीकडं वळली. भावकूनं वायर बदलून सूर मारला. तिनं पायाची बोटं फळीवर रोवली, मान हलवली. स्टुलाला हात लावून बघितला आणि कपाळाला आठ्या पडल्या.

"स्टुलावर कशाला चढवलाय ह्याला? माग कोन टेबलावर ठेवतंय व्हय? जिमिनीला लागू दे की."

भावकू तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं स्टूल पायानं बाजूला सारलं, पेटी फळीवर उतरवली. तिनं दोन्ही हातांनी ती मागं रेटली, थेट दगडी भिंतीच्या कोपऱ्यात. जरा तिरकी केली. परत पाय रोवून उभी राहिली.

"काय चाललंय रं तिथं?" काट्याजवळनं मारुतीराव वैतागले. "ही का ती, सांगतो म्हटलं न्हवं का!"

"तुम्ही पाठ करून हुबं ऱ्हावा!" भावकू ओरडला. "बगून न्हाय, ऐकून सांगा!"

"मला शिकीवतोस?"

"भ्या वाटतंय काय?"

बायकांत खसखस पिकली. मारुतीरावांनी तोऱ्यात धोतराचा सोगा झटकला आणि भिंतीकडं तोंड केलं.

भावकूनं मोठ्या पेटीकडं बघितलंही नाही. त्यानं श्वास घेतला आणि जाड तार सोडली.

सूर फळीत उतरला. फळीखालची आठही रिकामी पिंपं जागी झाली. मागची भिंत जागी झाली. चहाचे पेले ठेवलेला ट्रे स्टेजच्या कडेला होता, त्यातले पेले एकमेकांना हळू खेटायला लागले. आवाज ओरडत नव्हता. तो जमिनीखालनं चालत गेला आणि काट्यापर्यंत पोचला, कारण काट्याचं लोखंडी पारडं आपसूक हललं. भावकूनं दुसरा सूर मारला, तिसरा मारला, मग त्याला थांबताच येईना. ढोलकीवाला बाहेर बिडी ओढत होता, तो ती टाकून आत आला.

"हां, आता कसं!" मारुतीराव भिंतीकडं बघतच मांडीवर थाप मारत म्हणाले. "म्हटलं न्हवतं? मोठी ती मोठी! हीच ठेवा. ती डासाची पेटी न्हेऊ दे त्याला परत."

आधी एक बाई हसली. मग दुसरी. मग सगळी वखार हसायला लागली. एका म्हातारीला हसता हसता ठसका लागला, तरी ती हात करून म्हणालीच, "मालक, मागं वळून बगा, कुनाला परत धाडताय ते!"

मारुतीराव वळले. मोठी पेटी वायरीविना उभी होती. कोपऱ्यात दीड हाताची पेटी, तिच्यापुढं अनवाणी रुक्माबाई, आणि तिच्या शेजारी भावकू. त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. हसलो तर रडू येईल अशी त्याची गत झाली होती.

मारुतीराव सावकाश चालत स्टेजपाशी आले. फळीवर पंजा टेकवून म्हणाले, "परत वाजीव."

त्यानं वाजवलं. त्यांनी पंजा उचलला नाही. थोड्या वेळानं आण्णाप्पाकडं न बघता म्हणाले, "मोठी टेम्पोत चढवा, जाऊ दे परत."

भरमूनं आपला डावा हात मांडीखाली घातला.

चार वाजता कार्यक्रम सुरू झाला. भावकू पडद्यामागं नव्हता. गाणाऱ्या बाईच्या उजव्या हाताला, लोकांसमोर उभा होता. तिसऱ्याच गाण्याला बायका पदर खोचून उठल्या. गेल्या दोन वर्षांत त्यानं बोटं आवरली होती, तेवढी सगळी आज सोडली, आणि गाणाऱ्या बाईचा आवाज एकदाही हलला नाही. मारुतीरावांनी ॲकॉर्डियनवरनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं. भावकूनं डोळे खाली केले नाहीत. मारुतीरावांनीच हसून केले.

मधेच त्यानं आईला शोधलं. ती सतरंजीवर नव्हती. स्टेजच्या अगदी कडेला उभी राहून पुढं आलेल्या फळीच्या टोकावर तिनं दोन्ही तळवे टेकवले होते.

कार्यक्रम संपला तेव्हा बाहेर उन्हं कलली होती. वखारमालकानं पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमाचा नारळ आत्ताच मारुतीरावांच्या हातात दिला. आण्णाप्पा टेम्पोत मोठ्या पेटीचा स्क्रू आवळत बसला होता. भावकू वायर गुंडाळत होता.

"रुक्माक्का," मारुतीराव म्हणाले, "फुडच्या बेस्तरवारी संकेश्वरला हाय. टेम्पो साताला सुटंल. पेटी कुठं ठेवायची ते सांगायला तुमी पायजे."

तिनं भावकूकडं बघितलं. भावकूनं वायर खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर, ओठ हलवून, हातवारे करून, तिला ते सांगितलं.

"यीन की," रुक्माबाई म्हणाली. "पन मी खाली बसनार न्हाय."

"मंग?" भावकूनं हात हलवून विचारलं.

"वर. पेटीपाशी." ती चप्पल शोधत होती. "दोन वरसं खाली बसले. पोरगं काय वाजवतंय, एकदा बी ऐकू आलं न्हाय मला."

भावकूनं उचललेली वायर परत सुटून फळीवर पसरली. स्टेजकडं बघत, ऑर्गनपासून भिंतीपर्यंतची जागा मारुतीरावांनी दोनदा डोळ्यांनी मोजली. संकेश्वरचं स्टेज अजून बांधलंही नव्हतं. तरी ते वर चढले आणि त्यांनी आपली खुर्ची हातभर डावीकडं सरकवली.