ज्या गाळाला कीडही शिवत नाही

नदीकाठच्या जुन्या गोदामापुढे रांग पार वळणापर्यंत गेली होती. आत उंच स्टुलावर चिखलबाबा बसला होता. हे नाव बाईंनी ठेवलेलं. भक्त त्याला महाराज म्हणत. बाईंचा सगळा जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात गेला होता. आज त्या सुनेच्या मागावर आल्या होत्या. दोनदा गर्भ गेल्यावर पुन्हा दिवस राहिलेली ही पोर रोज सकाळी इथल्या काळ्या गाळाची गोळी गिळते, हे त्यांना कालच कळलं होतं.

चिखलबाबानं परातीतल्या गाळावर कुंडीतलं गांडूळ सोडलं. ते वळवळलं, कडेकडे सरपटलं आणि लुळं पडलं.

"बघा मंडळी. अशुद्ध जिवाला इथे थारा नाही. हा गाळ पोटात गेला की आतली कीडसुद्धा अशीच साफ." मग त्यानं गाळावरच्या पाण्यात लोखंडी खिळा बुडवला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला. खिळा तांबूस होऊन वर आला. "लोखंडाचं सोनं झालं."

"याला सोनं म्हणणारा सोनार संध्याकाळी तुरुंगात असेल," बाई म्हणाल्या.

"आई, चला ना घरी. लोक बघताहेत," सून पुटपुटली. गोळी तिच्या मुठीत होती.

"बघू देत. त्यांच्यासाठीच बोलतेय."

"म्हातारे, तुझी श्रद्धा नाही," बाबा म्हणाला.

"नाही. डोळे आहेत."

बाई लहानपणी धाकट्या बहिणीबरोबर याच काठावर गळासाठी गांडुळं खणायच्या. ओंजळभर चिखल उचलला की तो हातात हलायचा. त्यात शिंपले असत, गोगलगायी असत, आणि पलीकडे बगळे टपून बसलेले. त्या चिखलाला वास यायचा, पण तो जिवंत वास होता.

त्यांनी पिशवीतून बाटली काढली. "हे पाणी नदीच्या वरच्या अंगाला धातूवर मुलामा चढवणारा कारखाना आहे ना, त्याच्या पाइपखालून भरलंय. कुणी मंत्र म्हणू नका." खिळा आत सोडला. तोही तांबूस झाला. "पाण्यात विरघळलेलं तांबं लोखंडावर बसतं. शाळेतला प्रयोग आहे. महाराजांच्या बादल्याही त्याच पाइपखाली भरतात. का हो टेम्पोवाले, भरतात ना?"

दारात बादल्या उतरवणाऱ्या टेम्पोवाल्यानं हातातली बादली हळूच मागे सरकवली. बाबाला एकाएकी खोकला आला.

"आणि तांबं एकटं येत नाही. शिसं येतं, कॅडमियम येतं. पाणी पुढे वाहून जातं, हे विष तळाच्या गाळात बसून राहतं. गाळातले किडे ते खातात, किड्यांना मासे, माशांना बगळे. इथे बगळा शेवटचा कधी पाहिलात? आता तर तुम्ही मधले सगळे वगळून थेट गाळच खाताय."

"पण आई, गोळीनं माझ्या उलट्या थांबल्या."

"अगं, पहिले महिने सरले की बहुतेकींच्या थांबतात. श्रेय हा लाटतोय. ज्यात काहीच जगत नाही, त्याला शुद्ध नाही, मेलेलं म्हणतात. त्यावर तुझं बाळ कसं जगेल?"

सुनेनं परातीतल्या गांडुळाकडे पाहिलं. मूठ उघडून गोळी त्याच्याशेजारी ठेवली. "डॉक्टरांकडे चला आई. रक्त तपासून घेऊ."

रांगेतले थोडे बाहेर पडले, बरेच तसेच उभे राहिले. बाई दारात थांबल्या.

"ज्याला कीडही शिवत नाही ते पोटात घालण्याआधी एवढं तरी विचारा, की ती का शिवत नाही. आणि रांगच लावायची असेल, तर त्या पाइपच्या मालकाच्या दारात लावा."