एक मोहाचे झाड

गुणवंतराव मास्तरांनी वनखात्याकडे जाणाऱ्या अर्जातली चौथी ओळही खोडली. शाळेच्या पायरीवर बसलेली सोमारी सांगतच होती. नाल्यावरचा तिचा मोह बुंध्यात दुभंगलेला, पाण्यावर ओणवलेला. फुलं वेचता वेचता तिच्या आईला तिथंच कळा आल्या आणि त्याच झाडाखाली सोमारी जन्मली. तेव्हापासून सगळा टोला, म्हणजे तिची वस्ती, आईच्या नावानं त्याला रुखमाचा मोह म्हणते.

"हे कशाला हवं बाई, साहेबाला?"

तीन दिवसांच्या हिवतापानं मास्तरांचं अंग मोडून आलं होतं. नागपूरच्या कॉलेजात, निबंधाच्या वर्गात, दोन वर्षं त्यांनी एकच गोष्ट गिरवली होती. काढता येईल ते काढा. त्यांचा पाच पानांचा निबंध सरांनी दीड पानावर आणून वर्गात वाचून दाखवला होता. बाकीचं शिक्षण या जंगलात काय कामाला आलं देव जाणे, पण हे एक आलं, असं त्यांना मनापासून वाटे.

'नाल्याकाठचे एक मोहाचे झाड तोडीतून वगळावे, ही विनंती.' सोमारीनं अंगठा उमटवला.

रेंजरसाहेबांनी अर्ज लगेच मंजूर केला. वर मास्तरांना निरोप धाडला की इतका नेटका अर्ज या भागातून पहिल्यांदाच आला. मास्तर दोन दिवस खुशीत होते, ताप असूनही.

तोड संपल्यावर सोमारी आली आणि त्याच पायरीवर बसली.

"झाड राखलं साहेबानं, गुर्जी."

"बरं झालं."

"पर ते इतवारीचं हाय. माहा मोह पडला."

नाल्यावर मोह दोन होते, एक सोमारीचा आणि एक टोल्यातल्याच इतवारीचा. तोडीवरचा गार्ड परगावचा. त्याच्या हातातल्या कागदावर नुसतं 'एक' होतं, त्यानं सरळ वाढलेला राखला आणि वाकडा पाडला. तोडणाऱ्या मजुरांना रुखमाचा मोह कुठला ते झोपेतही सांगता आलं असतं, पण त्यांना कोण विचारतं? सोमारी स्वतः तिथं नव्हती. कागद झालाय म्हणून निर्धास्त मनानं ती बाजाराला गेली होती.

"कागदात रुखमाचं नाव लिवलं होतं ना, गुर्जी?"

'होतं' असं म्हणून मोकळं होता आलं असतं. तिला वाचता कुठं येत होतं. सगळं खापर गार्डावर फुटलं असतं. मास्तरांना फार थकल्यासारखं झालं.

"नाही. मी खोडलं."

"काऊन?"

मास्तरांनी शाईची बोटं धोतराला पुसली.

"अर्ज चांगला दिसावा म्हणून."

सोमारीनं मान हलवली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"दिसला असंल," ती म्हणाली. मग उठली आणि नाल्याची वाट सोडून लांबच्या सडकेनं टोल्याकडे निघाली.