गल्ल्यांच्या उन्हाचा नकाशा

बारकीला त्या दिवसांत झोपेतही रंग दिसत. आकडेवारीची चित्रं कशी काढायची ते शिकायला लागली होती, आणि त्यात अशी काही बुडाली की जेवताना ताटाकडे लक्ष नाही, हाक मारली तर ओ नाही. दुपारी थर्मामीटर घेऊन गल्ल्यागल्ल्यांतून हिंडायची आणि संध्याकाळी कॉम्प्युटरवर त्या गल्ल्या रंगवायची. तापलेली लाल, सावलीची हिरवी. बघता बघता नकाशा तरंगायला लागायचा आणि आपणच त्यावरून अलगद उडतोय असं तिला वाटायचं.

आईने तोंड भरून कौतुक केलं. पण बारकीचा जीव अडकला होता बाबांच्या एका शब्दात. बाबा शिंपी. नुसत्या बोटांनी कापडाचा पोत सांगणारा माणूस, पण लेकीच्या चित्राकडे आजवर कधी धड पाहिलं असेल तर शपथ! आताही "छान आहे" म्हणाले आणि मशीन पुन्हा सुरू. बारकीचं तोंड एवढंसं झालं.

वर्गात बाईंनी तिचा नकाशा पडद्यावर लावला. रंग सुरेख आहेत, म्हणाल्या, पण लाल आणि हिरवा सगळ्यांनाच वेगवेगळे दिसतात असं नाही. तशा डोळ्यांना हा कसा दिसेल ते बघू या. त्यांनी एक बटण दाबलं आणि बारकीचं अख्खं गाव विझलं. मळकट पिवळ्या धुक्यात गल्ल्या कुठल्या कुठे हरवल्या.

बारकी त्या धुक्यात बघतच राहिली. तिथे तिला एकदम आईचा हात दिसला, दोऱ्याचं रीळ काढून देणारा. बाबा स्वतः कधीच दोरा निवडत नसत. "अगं, या कापडाला लागेल तो दे," एवढंच म्हणायचे, आणि शेजारीपाजारी त्यांना बायकोचा लाडोबा म्हणून चिडवायचे. तेही हसण्यावारी न्यायचे. म्हणजे बाबांना लाल-हिरवं कळतच नव्हतं, आणि आपण मात्र मनात अढी धरून बसलो. भर वर्गात तिला रडू फुटलं.

घरी येऊन तिने कुणाला काही विचारलं नाही. सगळे रंग पुसले. तापलेल्या गल्ल्या पिवळ्या केल्या, सावलीच्या गडद निळ्या. मग नकाशा छापून आणला आणि बाबांच्या मशीनवर, शिवायच्या कापडावरच ठेवून दिला.

बाबांचा पाय थांबला. ते वाकले. शिवण तपासावी तसं त्यांचं बोट एकेका गल्लीवरून फिरायला लागलं. किती तरी वेळ फिरत होतं.

"ही आपली गल्ली ना?" ते हळूच म्हणाले. "फार तापते गं. आणि हा शाळेमागचा पट्टा गार आहे."

बारकीने मान डोलावली.

मग बाबांनी आईला हाक मारली. आई हात पुसत आली आणि कुठल्या कापडाला हवाय दोरा, असं सवयीने विचारत रिळांच्या फळीकडे वळलीसुद्धा.

"काही देऊ नकोस," बाबा म्हणाले. "इकडे ये. कुठे पिवळं आहे आणि कुठे निळं, ते मी तुला दाखवतो."